लोखंडी माल

सुगंधाबाईंच्या हाताखालून गेलेलं थिंबल कधी परत येत नाही, असं जळगावच्या एमआयडीसीत सगळे म्हणायचे. आधी सुगंधाबाई स्वतःच म्हणायच्या, मग ऐकून ऐकून बाकीचेही म्हणायला लागले, ती गोष्ट वेगळी.

थिंबल म्हणजे वायरच्या टोकाला बसवायचा तांब्याचा बारीक तुकडा. मागे नळी, पुढे भोक. नळीत वायर घालून पकडीने दाबायची आणि भोकातून बोल्ट घालून मोटर चालू करायच्या स्टार्टरला कसायचं. शेतातली मोटर मोठी, पाइप मोठा, विहीर मोठी, आणि सगळं चालतं ते एवढ्याशा तुकड्याच्या जिवावर. नळीवर रंगीत प्लास्टिक असतं आणि तो रंग शोभेसाठी नसतो. लाल असेल तर दीडपर्यंतची बारीक वायर, निळं असेल तर अडीचची, पिवळं असेल तर चार-सहाची जाड. सुगंधाबाई चौथीतून शाळा सोडून आलेल्या. चौरस मिलिमीटर हा शब्द त्यांच्या तोंडात कधी बसला नाही आणि त्यांनी तो बसवायचा त्रासही घेतला नाही. त्यांनी आपली नावं ठेवली. लाल ते कुंकू, निळी ती नीळ, पिवळी ती हळद. कारखान्यात कामाला आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे शिकावं लागे. सगळे त्यांना अक्का म्हणत. अक्कांनी "सहाच्या भोकाची हळद आण" म्हटल्यावर जो तोंडाकडे बघत उभा राही, त्याला त्या विचारत, "घरी आईने स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही वाटतं?"

हा कारखाना त्यांनी आणि नानांनी उभा केला होता. नाना म्हणजे त्यांचे यजमान. ते स्टार्टर जोडायचे, सुगंधाबाई माल निवडायच्या. कुठे एखादा कारखाना बंद पडला की तिथला उरलेला माल वजनावर मिळे. गोणीत सगळं एकत्र, गोल भोकाचं, काट्याचं, पिनचं, तिन्ही रंगांचं. ती गोणी सुगंधाबाई अंगणात ओतायच्या आणि तांदूळ निवडावेत तशी निवडायच्या. रंग आधी, मग भोक, मग आकार. त्याआधी एक काम असे. जुन्या रेडिओच्या भोंग्यातलं लोहचुंबक त्यांनी दोरीला बांधून ठेवलं होतं, ते मालावरून फिरवायचं. तांबं चिकटत नाही. लोखंडावर नुसता मुलामा दिलेला खोटा माल असेल तर टपटप उड्या मारून चिकटतो. लोखंडी थिंबल तापतं, काळं पडतं, दाबताना फुटतं. एकदा एका व्यापाऱ्याने असा माल गळ्यात मारला, तेव्हा सुगंधाबाईंनी ती गोणी त्याच्या पेढीवर, गादीवर, पूजा केलेल्या फोटोसमोर ओतली होती. तो बिचारा अजून दुरून नमस्कार करतो.

नाना गेले. मोठा मुलगा जितेंद्र डिप्लोमा करून आला आणि कारखाना त्याने हातात घेतला. आता स्टार्टर दुकानदारांमार्फत जातात, डब्यावर नाव छापून जातात. आधी सुगंधाबाई वायर दाबायच्या टेबलावर बसायच्या, पुढच्या दाराशी. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर त्यांची नजर असे आणि जीभही. मग एका उन्हाळ्यानंतर जितेंद्रने त्यांना मागच्या ओट्यावर गादी घालून दिली, पंखा लावून दिला.

"अक्का, दाबायला माणसं मिळतात. निवडायला कोण आहे मला? तू निवडलेला माल असला की मला काळजी नसते."

सुगंधाबाईंना ते पटलं. खरं असलेलं बोलणं माणसाला लवकर पटतं, आणि हे तर त्यांनी स्वतःच वर्षानुवर्षं सांगितलेलं होतं. रोज सकाळी त्या ओट्यावर येत तेव्हा मिसळलेल्या मालाची परात भरलेली असे. दुपारच्या जेवणापर्यंत परात रिकामी आणि डबे भरलेले. जेवून त्या कारखान्यामागच्याच घरात पडत, चार वाजता उठत. शेजारच्या बायका देवळात बोलवायला आल्या की सुगंधाबाई सांगत, "तुम्ही जा बायांनो. माझ्या सुनेला सुट्टी आहे, मला नाही. मी हात काढला तर मोटरी बंद पडतील तिकडे."

त्यांची लेक नूतन धुळ्याला दिलेली. जावई अभिमन यांचं साक्री रोडला जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान. एकदा नूतन फोनवर सहज बोलून गेली की यांना जाड वायरची पिवळी थिंबलं मिळत नाहीत, गिऱ्हाइकं खोळंबलीत. सुगंधाबाईंनी फोन ठेवला, डब्यातून हळद काढली, आठच्या भोकाची वेगळी, सहाच्या भोकाची वेगळी, दोन पिशव्या भरल्या आणि सकाळची एसटी धरली. जितेंद्रला विचारलं नाही. माल आपल्या हातचा, लेक आपल्या पोटची, विचारायचं कोणाला?

एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याला पोचली तेव्हा ऊन चढलं होतं. दुकान घरालाच लागून होतं. अभिमन एका गिऱ्हाइकाशी बोलत होते, साक्रीकडचा शेतकरी, बाकावर बसलेला, शेजारी उघडून ठेवलेला स्टार्टर. सुगंधाबाईंनी पिशव्या काउंटरवर ठेवल्या.

"अक्का! अहो, कळवायचं तरी. मी स्टँडवर आलो असतो."

"मला काय पाय नाहीत? घ्या. हळद हवी होती ना तुम्हाला? दोन्ही भोकांची आणली आहे. एक एक हातानं निवडलेली. तुमच्या धुळ्यात मिळणार नाही असा माल."

शेतकऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बघा भाऊ, आता तुमचं काम होईल. जळगावहून माल आला."

शेतकरी कौतुकाने हसला. आता जावयाला काही करणं भागच होतं. अभिमननी पिशवीतून एक थिंबल काढलं, बोटांत फिरवलं, वजन पाहिलं. त्यांचा चेहरा जरा बदलला. वायर सोलून त्यांनी नळीत घातली, पकडीत धरली आणि दाबली. कट् असा आवाज झाला. नळी उभी चिरली.

"एखादं असतं तसं," सुगंधाबाई म्हणाल्या. "दुसरं घ्या."

दुसरंही चिरलं. अभिमननी पेचकस उचलला. त्याचं टोक चुंबकाचं होतं. पिशवीत त्यांनी ते नुसतं टेकवलं आणि वर उचललं. पिवळी थिंबलं द्राक्षाच्या घडासारखी लटकून वर आली.

मग अभिमन बोलले. ते सरळ माणूस, त्यांना गोष्ट दाबून ठेवायची सवय नाही, तेवढंच त्यांचं चुकलं.

"अक्का, हा लॉट अजून आहे का?"

"अजून म्हणजे?"

"नाही, जितूभाऊंनी मागे मोबाइलवरून मागवला होता ना, गोणीभर. लोखंडी निघाला. मी म्हटलं परत पाठवा. ते म्हणाले राहू द्या, अक्काला..."

"अहो, चहा गार होतोय तुमचा," नूतन आतून आली. तिच्या हातात चहा नव्हता.

सुगंधाबाईंनी लेकीकडे पाहिलं. "अक्काला काय?"

"काही नाही गं. चल ना आत, तोंड धू, किती ऊन लागलंय तुला..."

"नूतन. अक्काला काय?"

नूतनने पदर बोटाला गुंडाळला, सोडला. "अगं, तुला बसून राहवत नाही ना. काहीतरी हवं ना हाताला."

साक्रीचा शेतकरी उठला आणि बाहेर जाऊन उन्हात उभा राहिला. माणूस शहाणा होता. सुगंधाबाईंना त्याचा त्या शहाणपणासाठी जास्त राग आला.

त्या जेवल्या नाहीत. नूतन रडली, अभिमननी हात जोडले, चुकून बोलून गेलो म्हणाले. "चुकून नाही बोललात," सुगंधाबाई म्हणाल्या. "तुम्ही एकटेच नीट बोललात." पिशव्या त्यांनी परत उचलल्या. लोखंड लेकीच्या घरी टाकून जायचं नव्हतं. जितूला फोन करायचा नाही, असं लेकीला बजावून त्या निघाल्या.

परतीच्या एसटीत त्यांनी पिशव्या मांडीवर धरल्या आणि एकच गोष्ट घोळवत राहिल्या. वजन कसं नाही कळलं? तांब्याचं थिंबल आणि लोखंडाचं थिंबल, डोळे मिटून हातात द्या, सुगंधाबाई सांगतील असं नाना पैजेवर म्हणायचे. मग एवढे दिवस, रोज, हातातून जात असताना? चुंबक तर ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. ते का नाही फिरवलं?

नाही फिरवलं, कारण व्यापाऱ्याच्या मालावर फिरवतात. स्वतःच्या पोराने पुढ्यात ठेवलेल्या परातीवर कोणी चुंबक फिरवतं का?

घरी आल्यावर त्यांनी पिशव्या ओट्यावरच्या गादीशी, उशीमागे सरकवल्या. सून डिंपल म्हणाली, "एवढ्या लवकर आल्या? ताईंनी राहू नाही दिलं?" "तुझ्या हातच्या भाजीची आठवण आली," सुगंधाबाई म्हणाल्या. डिंपलला वाटलं सासूबाई खूश आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तिला सासूबाईंचं गोड बोलणं ओळखता येत नव्हतं. तिच्या माहेरची, शिरपूरची माणसं सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी परात भरलेली होती. सुगंधाबाई गादीवर बसल्या आणि पहिल्यासारखा माल निवडला. कुंकू इकडे, नीळ तिकडे, हळद समोर. डबे भरले. जेवायला घरात गेल्या. त्यांना एक हिशेब लागत नव्हता. लोखंडी माल, समजलं. पण निवडलेले डबे जातात कुठे? लोखंडी माल कोणी वापरत नसेल तर रोज नवी परात येते कुठून? गोणी कितीही मोठी असली तरी गोणीच ती, विहीर नाही.

त्या जेवल्या, पलंगावर पडल्या आणि थोड्याच वेळात उठल्या. चपला न घालता मागच्या बाजूने ओट्याकडे गेल्या.

ओट्यावर डिंपल परातीपाशी बसली होती. एकेक डबा उचलून ती परातीत ओतत होती. हळद ओतली. तिच्यावर नीळ ओतली. तिच्यावर कुंकू. मग बाह्या वर सारून तिने दोन्ही हात घातले आणि चिवडा कालवावा तसा माल खालून वर कालवायला लागली. कारखान्यातला जुना फिटर अन्वर भिंतीला टेकून जेवणाचा डबा खात होता.

"भाभी, नीट कालवा," अन्वर घास चावत म्हणाला. "परवा पिवळे सगळे वरच राहिले होते. अक्का मला म्हणतात, अन्वर, आज माल कसा एकाच रंगाचा आला रे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अक्का, बाजारात हळदीचा सीझन आहे."

डिंपल खुदकन हसली. दुष्टपणाने नाही. रोजची भांडी घासताना दोन बायका हसतात तशी. तेच सुगंधाबाईंना सोसलं नाही. कोणी त्यांच्यावर दात काढले असते तर त्यांनी ते दात घशात घातले असते. इथे कोणी त्यांच्यावर हसत नव्हतं. हे नुसतं काम होतं. झाडलोटीसारखं, पाणी भरण्यासारखं, दिवसाच्या कामांतलं एक.

"काय करी राहिनी, डिंपल?"

सुगंधाबाईंच्या तोंडून माहेरची अहिराणी निघाली की घरात सगळे लांब उभे राहत. डिंपलचे हात परातीतच राहिले. अन्वरने डब्याला झाकण लावलं, घास तोंडात तसाच.

"अक्का, ते... ह्यांनी सांगितलं होतं..."

"बठ्ठासले माहीत व्हतं?"

सगळ्यांना म्हणजे किती जणांना, ते लगेच कळलं. आतल्या टेबलावरचा पकडींचा आवाज थांबला होता. म्हणजे आत बसलेल्यांनाही माहीत होतं.

"बोलाव त्याला."

जितेंद्र आला तो हातात मोबाइल घेऊन, कोणाशी तरी बोलत. ओट्यावर पाऊल टाकलं आणि परात बघितली, आईला बघितलं, मोबाइल खिशात टाकला. त्याने नाटक केलं नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"कधीपासून?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"आत चल, अक्का."

"इथे. जे बाकीच्यांना ठाऊक आहे ते आत कशाला?"

जितेंद्रने अन्वरकडे पाहिलं. अन्वर उठून जाऊ लागला. "बस," सुगंधाबाई म्हणाल्या, आणि तो बसला.

"रावेरच्या नथ्थूआबांचा स्टार्टर आठवतो तुला?" जितेंद्र हळू म्हणाला. "तू जोडला होतास. त्या दिवशी पिवळी थिंबलं संपली होती. तू चारच्या वायरीच्या तारा कापल्यास, बारीक केलीस आणि निळ्यात घुसवलीस."

"तारांचे केस कापून बसवलं. मग? नानांच्या वेळी अर्धे स्टार्टर तसेच गेलेत. माल संपला की गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं."

"नानांच्या वेळी तीन हॉर्सपॉवरची मोटर असायची, अक्का. आता साडेसातची असते. वीज रडतखडत येते, व्होल्टेज पडतं, करंट वाढतो. अर्ध्या तारा तू कापलेल्या. उरलेल्या जळाल्या. स्टार्टर जळाला. ऐन मे महिन्यात आबांच्या केळीला पाणी नाही. घड काळे पडले झाडावर."

"आबा मला काही बोलले नाहीत."

"नाही बोलले. तुझ्यासमोर बसून चहा पिऊन गेले. तुला म्हणाले, अक्का, तब्येत जपा. आणि बाहेर गाडीपाशी माझा खांदा धरून म्हणाले, जितू, म्हातारीला आता बसव."

सुगंधाबाईंना तो चहा आठवला. आबांनी बशीत ओतून प्यायला होता आणि चहाचं कौतुक केलं होतं. सुगंधाबाईंनी दुसरा कप दिला होता.

"तू बसली असतीस का?" जितेंद्रचा आवाज चढला. "घरी बस म्हटलं असतं तर बसली असतीस? तू टेबलावर असलीस की कोणाची हिंमत नाही तुझं काम तपासायची. अन्वरचीही नाही. माझीही नाही. मी काय करायचं होतं? खरा माल आता पाकिटात येतो, मोजून, छापून. निवडायला काही उरलंच नाही. म्हटलं, हा लोखंडी पडलाय तर पडू दे. तुझा दिवस जातो. कोणाचं नुकसान नाही."

"कोणाचं नुकसान नाही," सुगंधाबाई म्हणाल्या.

"मी तुला रडवायला नाही केलं हे."

"मला सांगायचं होतंस. तोंडावर."

"ऐकलं असतंस?"

भांडणात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "नसतं ऐकलं. भांडले असते. या ओट्यावरून त्या रस्त्यापर्यंत आवाज गेला असता. तुझी आई आहे म्हणून तूही चार शब्द जास्त बोलला असतास. पण भांडलो तरी असतो, जितू. तू मला भांडायच्या लायकीचीसुद्धा ठेवली नाहीस. लेकराला खुळखुळा देतात तसा डबा दिलास आणि खुळखुळा वाजतो का बघायला ही सगळी माणसं बसवलीस."

"अक्का, माझेही हात दुखतात कालवून," डिंपल एकदम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "रोज वाटायचं सांगावं. रोज तुम्ही म्हणायच्या, आज माल बरा होता. कसं सांगणार?"

"तू गप्प बस. तुझा राग नाही मला. तू सांगितलं तेवढं केलंस, आणि तेही धड केलं नाहीस. हळद वर राहायची."

जितेंद्रने डोळे पुसले की घाम पुसला ते कळलं नाही. "उद्यापासून बंद करतो हे. भंगारात देतो सगळं. तू पुढे टेबलाशी बस, नुसती बस, लोक तुला बघायला येतात. नाहीतर नूतनकडे राहा थोडे दिवस. नाहीतर कुठे देवाला जायचं असेल तर..."

सुगंधाबाई ऐकत होत्या. पुढे नुसतं बसायचं, कॅलेंडरवरच्या देवीसारखं. नाहीतर धुळ्याला, जिथे लेक चहाचा बहाणा करून गोष्ट झाकते. नाहीतर देवळात त्या बायकांबरोबर, ज्यांना रोज सांगितलं की माझ्यावाचून मोटरी बंद पडतील. सकाळ होणार, हात मोकळे असणार, आणि दुपारपर्यंतचा वेळ समोर पडलेला असणार. त्यांनी आपले हात पाहिले. बोटांच्या टोकांना मुलाम्याची करडी छटा बसली होती. धुळ्याला जाताना घासून धुतली होती, तरी होती.

त्या गादीवर बसल्या. धुळ्याहून परत आणलेल्या दोन्ही पिशव्या उशीमागून काढल्या आणि परातीत रिकाम्या केल्या.

"भंगारात काही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मिसळ."

"काय?"

"मिसळ म्हटलं. डिंपलने अर्धवट टाकलंय."

"अक्का, असं नको करू."

"चोरून होत होतं तेव्हा चालत होतं. आता माझ्यासमोर कर. रोज दुपारी, मी जेवून आले की, तू यायचं. डिंपल नाही, अन्वर नाही. तू. व्यापारी बसलेला असो, बँकेचा साहेब बसलेला असो. त्यांना सांगायचं, आईचा माल मिसळून येतो."

जितेंद्र तसाच उभा राहिला. अन्वर जमिनीकडे बघत होता. आतून कोणी तरी हलक्या हाताने दार लोटून घेतलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडून जितेंद्र परातीसमोर उकिडवा बसला आणि त्याने मालात हात घातले. लोखंड खरखर वाजायला लागलं.

सुगंधाबाई त्याच्या हातांकडे बघत होत्या, शिकाऊ कामगाराकडे बघावं तसं.

"खालून घे," त्या म्हणाल्या. "नीळ तळाशी राहिली आहे."

त्याने हात कोपरापर्यंत घातले. त्यांनी रिकामा डबा पुढ्यात ओढला, परातीतून एक पिवळं उचललं, भोकात बोट घालून अंदाज घेतला आणि डब्यात टाकलं.